मापाचा भरवसा कोणी द्यायचा?

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असे महाराष्ट्रात सरकारदरबारी धरले जाते. मग पंचनाम्याचे आदेश निघतात, तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतात, मदतीची वाट मोकळी होते. हवामानावर आधारित फळपीक विम्यातही नेमलेल्या हवामान केंद्राची नोंदच प्रमाण मानतात. नोंद ६२ मिलिमीटरची झाली तर शेजारच्या मंडळात पंचनामे होतात आणि इकडचा शेतकरी कपाशीतले पाणी बघत बसतो. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. एवढी दाट मांडणी करणे हे मोठेच काम आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्या ६२ आणि ६६ मधला फरक आभाळाने केला की यंत्राने, हे सांगणारा माणूस कुठे बसतो?

स्वयंचलित पर्जन्यमापकांत सर्वाधिक चालणारी रचना साधी आहे. वर एक नरसाळे, त्याखाली आसावर डोलणारी दोन कप्प्यांची छोटी बादली. एका कप्प्यात ठरावीक पाणी साठले, समजा ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पावसाइतके, की तो कप्पा कलंडतो, पाणी सांडते, दुसरा कप्पा धारेखाली येतो आणि एक टिचकी नोंदली जाते. टिचक्या मोजल्या की पाऊस मोजला. खोट इतकीच की बादली कलंडायला क्षणाचा काही अंश लागतो आणि तेवढ्या वेळात पडणारे पाणी आधीच भरलेल्या कप्प्यात जाऊन हिशेबाबाहेर राहते. रिमझिम पावसात हे नगण्य असते. ढगफुटीसारखा पाऊस कोसळत असताना मात्र टिचक्यांवर टिचक्या पडतात आणि प्रत्येक टिचकीगणिक थोडे पाणी सुटते. म्हणजे ज्या पावसासाठी ६५ मिलिमीटरची रेषा आखली, नेमका तोच पाऊस हे यंत्र कमी मोजते. पाच टक्के घट धरली तरी तीनेक मिलिमीटर गेले.

यापेक्षा वाईट अवस्था नरसाळे तुंबल्यावर होते. वाळकी पाने, कोळ्याचे जाळे, पक्ष्यांची विष्ठा, गांधीलमाशीचे मातीचे घर यांपैकी काहीही भोकात अडकले की पाणी वर तुंबते आणि थेंबथेंब खाली येते. रात्री तीन तासांत पडलेला पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झिरपत राहतो. पावसाचा दिवस आपण सकाळी साडेआठला बदलतो. एकाच मुसळधार पावसाच्या मग दोन नोंदी होतात, एक आदल्या दिवसाच्या खाती आणि एक दुसऱ्या. दोन्ही ६५ च्या आत. तक्त्यात कुठे काही चुकलेले दिसत नाही. उलट दोन दिवस बरा पाऊस झाला असेच दिसते.

ही चूक कोणत्या विषयाची? बादलीचा भाग यंत्र अभियंत्याचा. वाऱ्याने थेंब नरसाळ्यावरून उडून जातात, तो भाग हवामानशास्त्राचा. एका केंद्राचा आकडा शेजारच्या चार केंद्रांशी विसंगत आहे हे ओळखणे संख्याशास्त्राचे काम. कोळी आणि गांधीलमाशी जीवशास्त्राकडे. नोंद चुकीची ठरली तर विमा करारात पुढे काय, हे वकिलाकडे. आणि केंद्राची जागा निवडताना गावाला विचारले होते का, केंद्राचे कुंपण कोण बघते, हे समाजशास्त्राकडे. आपल्या विद्यापीठांत हे सगळे विभाग आहेत, एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर. पण नरसाळे तुंबण्याचा प्रश्न घेऊन कोणाच्या दारात जायचे, याचे उत्तर तिथे कोणी देऊ शकत नाही. पर्यावरणाच्या सेन्सरसाठी आंतरविद्याशाखीय केंद्र हवे असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी. विषय एकत्र आले की ज्ञान वाढते, ही गोष्ट आपण सभांमधून इतकी बोललो आहोत की तिच्यात आता दम राहिलेला नाही. मुद्दा असा की चुका विषयांच्या सीमेवर होतात आणि सीमेवर आपण कोणालाच नेमलेले नाही.

असे केंद्र काढायचे म्हटले की आपल्याकडे लगेच नवा सेन्सर बनवण्याचे बोलणे सुरू होते. नवा पदार्थ, नवी चिप, मग पेटंट, मग स्टार्टअप. हे काम व्हावेच. पण हवेतील धूलिकण मोजणारा सुटा भाग आज काही हजार रुपयांत घरपोच येतो आणि मातीतला ओलावा मोजणारा त्याहून स्वस्त मिळतो. आपल्याला तुटवडा सेन्सरचा नाही, आकड्यावर विसंबता येण्याचा आहे. बाजारात भाजी तोलणाऱ्याच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का ठरावीक मुदतीने घ्यावा लागतो, नाहीतर दंड होतो. एका मंडळातल्या हजारो खातेदारांचे नशीब ठरवणाऱ्या पर्जन्यमापकाला तसा शिक्का मारणारे, तोही शेतात जाऊन, पावसाळ्याच्या मध्यावर, असे तटस्थ ठिकाण आपल्याकडे हवे. विद्यापीठातल्या केंद्राचे पहिले काम हे असावे आणि नव्या सेन्सरचा शोध दुसरे.

काळ्या मातीचेच बघा. मातीतला ओलावा मोजणारे बहुतेक स्वस्त सेन्सर मातीचा विद्युत गुणधर्म मोजतात. पाण्याचा तो अंक ८० च्या आसपास आणि कोरड्या मातीचा तीन ते पाच, त्यामुळे ओल वाढली की वाचन वाढते. युक्ती उत्तम आहे. पण कारखान्यात ते जुळवलेले असते बहुधा मध्यम पोताच्या पोयट्यासाठी. विदर्भ-मराठवाड्यातली रेगूर वेगळी वागते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सेन्सरच्या पात्याभोवतीची माती आकसली की मध्ये हवेची फट तयार होते आणि वाचन एकदम कोसळते. ॲपवर लाल दिवा लागतो, शेतकरी मोटर सुरू करतो. बोटभर अंतरावर मुळांजवळ अजून ओल असते. उलटही होते. भेगेतून पहिल्या पावसाचे पाणी थेट पात्यापर्यंत उतरते आणि सगळे शेत भिजल्याचे यंत्र सांगते. यावर उपाय आहे. त्या त्या मातीचे नमुने भट्टीत वाळवून, वजन करून, सेन्सरच्या वाचनाशी ताडून बघायचे, आणि आकसणाऱ्या मातीत पाते कसे व किती खोल बसवायचे हे शोधायचे. चार हंगामांचे काम. त्यातून मोठ्या नियतकालिकात छापण्यासारखा शोधनिबंध निघेलच असे नाही. मृदाशास्त्रज्ञाला ते इलेक्ट्रॉनिक्सचे काम वाटते आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला मातीचे. मधल्या मध्ये ते राहून जाते.

हवेचीही तीच गत. धूलिकणांचे स्वस्त सेन्सर लेझरच्या झोतातून हवा नेतात आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून वजनाचा अंदाज बांधतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो आणि आकडा चढतो. प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या महागड्या यंत्रांत आत येणारी हवा तापवून ही ओल घालवतात, स्वस्त सेन्सरमध्ये ती सोय नसते. म्हणून दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात जुळवलेला सेन्सर रत्नागिरीत ऑगस्टमध्ये दुसरेच काही सांगेल. २०२०-२१ मध्ये मुंबईत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी मंडळाच्या केंद्रांशेजारी स्वस्त सेन्सर ठेवून काही महिने दोन्हींची तुलना केली. योग्य रस्ता तोच आहे. पण असा प्रयोग एकदा करून भागत नाही. सेन्सरचे भिंग धुळीने माखते, पंखा मंदावतो, वायू मोजणाऱ्या विद्युत-रासायनिक पेशी तर वर्षा-दोन वर्षांत थकतात. शेजारी ठेवून ताडून बघणे हे कायम चालणारे काम आहे, आणि कायमचे काम प्रकल्पाच्या मुदतीत बसत नाही.

हे काम सरकारी खात्याने का करू नये, हा रास्त प्रश्न आहे. खाती आहेत, माणसे आहेत. पर्यावरण मंत्रालयाने २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेला हवा मोजणाऱ्या यंत्रांच्या प्रमाणीकरणाचे काम दिलेही आहे. ते यंत्र विकत घेण्याच्या वेळचे झाले. पुढे यंत्र कुठल्या तरी छपरावर उन्हापावसात उभे राहते आणि त्याच्या आकड्यावर कोणाची तरी कामगिरी ठरते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहराला पैसे मिळतात ते धूलिकण किती घटले यावर. ज्याची परीक्षा आहे त्याच्याच हाती मोजपट्टी ठेवू नये. कोणी लबाडी करतो असे मला म्हणायचे नाही, लबाडी न करताही संशय उरतो आणि त्या संशयातच आकड्याचे वजन जाते. विमा कंपनी, केंद्रे चालवणारी संस्था, सरकारी खाते, आंदोलन करणारी संघटना, या सगळ्यांचे हितसंबंध उघड आहेत. विद्यापीठाचाही स्वार्थ असतो, अनुदानाचा आणि नावाचा. तरी पाऊस कमी निघाला की जास्त, यात त्याचे काही अडकलेले नसते.

पुण्याइतकी तयार जमीन या कामाला देशात क्वचितच मिळेल. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले तरी यंत्रांची मोठी परंपरा इथेच राहिली. पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी सीमेट. खडकवासल्याला १९१६ पासूनचे जल आणि विद्युत संशोधन केंद्र. शिवाजीनगरला भूजल सर्वेक्षण यंत्रणा, कृषी महाविद्यालय, सीओईपी. डेक्कनवर आघारकर संस्था आणि गोखले संस्था. मध्ये गणेशखिंडीत विद्यापीठ. ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेचा अंदाज सांगणारी यंत्रणा २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी उभी राहिली, ती याच पाषाणच्या संस्थेतून. इतके सगळे एका शहरात असून विदर्भातला सिंचन-सेन्सर काळ्या मातीत का फसतो याचे उत्तर शोधायला यांतले चार लोक एका टेबलाशी बसत नाहीत. बसायला त्यांना कारण दिलेले नाही, आणि बसल्याबद्दल त्यांच्या वार्षिक अहवालात रकाना नाही.

या शहराने हे काम पूर्वी करून दाखवले आहे. १९४८ मध्ये अॅना मणी लंडनहून यंत्रशास्त्र शिकून पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. साधी हवामान-यंत्रेही तेव्हा परदेशातून येत. त्यांच्या विभागाने शंभरेक यंत्रांची प्रमाणित रेखाचित्रे तयार केली आणि ती यंत्रे इथे बनू लागली. त्यांचा कटाक्ष यंत्र देशी असण्याइतकाच त्याच्या अचूकतेवर होता, चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे असे त्या मानत. त्याआधी, १९३२ मध्ये, पुण्यातच हवामानशास्त्रज्ञ रामदास आणि आत्मनाथन यांना रात्रीच्या तापमानात एक विचित्र गोष्ट आढळली. निरभ्र, शांत रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला टेकून नसते, वीतभर किंवा त्याहून थोडी वर असते. पुस्तकांप्रमाणे जमीनच सर्वांत थंड हवी. जगभरातल्या तज्ज्ञांनी बराच काळ याचा दोष मोजमापाला दिला. पुढच्या दशकांत ते निरीक्षण खरे ठरले आणि त्याचे भौतिकशास्त्र भारतीय शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मांडले. तापमापकाची खात्री केलेली होती म्हणूनच रामदासांना आपल्या आकड्यावर ठाम राहता आले. यंत्रावर भरवसा नसता तर एक नवी गोष्ट ‘खराब वाचन’ म्हणून खोडली गेली असती. आपल्या आजच्या डेटात अशा किती गोष्टी खोडल्या जात असतील हे कळायला मार्ग नाही.

सलग नोंदी जपणे म्हणजे काय याचा वस्तुपाठ मुंबईत आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शतक उलटताना मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे दिसू लागले. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा उभी केली. ती १९०४ मध्ये सुरू झाल्याबरोबर त्यांनी कुलाबा बंद केले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्हींतला फरक नक्की केला आणि मगच कुलाब्याची चुंबकीय यंत्रे थांबवली. त्यामुळे ती मालिका तुटली नाही. १८५९ च्या सप्टेंबरमधल्या सौरवादळाची कुलाब्यातली नोंद २००३ मध्ये संशोधकांनी बाहेर काढली आणि त्या वादळाची तीव्रता ठरवली. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी उपयोगी पडेल म्हणून कोणी ती घेतली नव्हती. ती नीट घेतली होती, एवढेच. आज आपण एका कंपनीचे सेन्सर काढून दुसऱ्या कंपनीचे बसवतो ते निविदेची मुदत संपली म्हणून. दोन्ही शेजारी शेजारी सहा महिने तरी चालवावेत अशी अट निविदेत घालायला कितीसा खर्च येईल?

बाहेरचे अनुभवही डोळे उघडणारे आहेत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००२ मध्ये सेन्सर-जाळ्यांसाठी एक मोठे केंद्र निघाले. संगणकशास्त्रज्ञ, अभियंते, जीवशास्त्रज्ञ, सागरतज्ज्ञ एकत्र आले. दहा वर्षे सरकारी निधी होता, २०१२ मध्ये तो ठरल्याप्रमाणे संपला. सुरुवातीची कल्पना अशी होती की जंगलात सेन्सर टाकून यायचे, ते आपापले बोलत राहतील. काही वर्षांतच त्यांना कळले की माणूस सोबत असल्याशिवाय हे चालत नाही. रोज जागेवर जाऊन बघणारा, पुसणारा, हलवणारा माणूस लागतो. त्याच केंद्रात माहितीशास्त्रज्ञ ख्रिस्टीन बोर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शास्त्रज्ञांच्या डेटाचाच अभ्यास केला. अभियंत्याला सेन्सरची बॅटरी आणि संदेशवहन यांचे आकडे हवे होते, जीवशास्त्रज्ञाला तापमान आणि पाण्यातले शेवाळ. एकाच्या दृष्टीने जे मौल्यवान ते दुसऱ्याने जपून ठेवावे असे काही नव्हते, आणि कोणी काय सांभाळायचे हेही पक्के नव्हते. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या अभियंत्यांनी बटाट्याच्या शेतात शंभरेक सेन्सर लावून करप्याचा अंदाज बांधायचे ठरवले. हंगामाअखेर अपेक्षित नोंदींपैकी जेमतेम दोन टक्के हाती आल्या. त्यांनी ते मोकळेपणी लिहून प्रसिद्ध केले, म्हणून आपल्याला आज शिकता येते. फसलेल्या प्रयोगाचा अहवाल छापणे हा आपल्या प्रस्तावित केंद्राचा लेखी नियमच असावा.

आता माणसांचे. असे केंद्र प्राध्यापकांवर उभे राहणार नाही. ते उभे राहील ते यंत्रांशी रोजचा संबंध असलेल्या तंत्रज्ञांवर. विद्यापीठ अनुदान आयोगाने काही दशकांपूर्वी विद्यापीठांतून उपकरण केंद्रे काढली, ‘युसिक’ या नावाने जुन्या लोकांना ती आठवतील. काचकाम करणारा, लेथवर बसणारा, सर्किट दुरुस्त करणारा असे कुशल हात त्यांत होते. माणसे निवृत्त झाली, पदे भरली गेली नाहीत आणि पुष्कळ ठिकाणी ती केंद्रे नावापुरती उरली. आज सेन्सरचे जाळे सांभाळायला आपण अकरा महिन्यांच्या करारावर एक पदवीधर घेतो. तो नरसाळ्याची सवय, मातीची सवय, गावाची सवय शिकतो तोवर त्याचा करार संपतो. आपल्या राज्यात विद्यापीठांतली अध्यापकांची पदेच मोठ्या संख्येने रिकामी असताना तंत्रज्ञाच्या कायम पदाची मागणी कोणाला अवास्तव वाटेल. मला मात्र इमारतीची मागणी अवास्तव वाटते. दहा कायम तंत्रज्ञ, त्यांना बढतीची शिडी, आणि शोधनिबंधात त्यांचे नाव. एवढे देता येत नसेल तर कोनशिला बसवू नये.

गरीब राज्याने मोजण्यावर खर्च करण्यापेक्षा साफ करण्यावर करावा, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ज्या नदीत सांडपाणी सोडलेले उघड दिसते तिच्यात प्राणवायू किती, हे मोजत बसण्याचा वीट येणे स्वाभाविक आहे. मैलापाणी शुद्धीकरणाचे पैसे सेन्सरकडे वळवावेत असे मी कधीच म्हणणार नाही. पण मोजण्यावर खर्च आपण करतोच आहोत, महापालिका दर वर्षी नवी केंद्रे आणि नवे फलक विकत घेत आहेत. त्या खर्चातला काही हिस्सा मापाची खात्री करण्यावर गेला तर उरलेला वाया जाणार नाही, एवढेच म्हणणे आहे. शिवाय नुकसानभरपाई, विमा, दंड, पुराचा इशारा हे सगळे आकड्यांवर चालू लागल्यावर आकडा हाच हक्काचा पुरावा झाला आहे. मळीचे पाणी सोडणारा कारखाना न्यायाधिकरणापुढे सर्वांत आधी सेन्सरच्या कॅलिब्रेशनवरच बोट ठेवतो.

लोकांना आकडे समजत नाहीत, ही समजूतही सोडून द्यायला हवी. पावसाळ्यात कोल्हापुरात कोणालाही विचारा, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे तिथल्या शाळकरी पोराला पाठ असते. आपल्या गल्लीत पाणी कितव्या फुटाला शिरते हेही म्हाताऱ्यांना ठाऊक असते, जनावरे त्या हिशेबाने हलतात. तिथे मोजपट्टी आणि माणसे यांच्यात वर्षानुवर्षांचे नाते आहे. हिवरे बाजारला ग्रामसभा पाऊस आणि विहिरींची पातळी समोर ठेवून रब्बीचे पीक ठरवते. केंद्राने सेन्सर कुठे बसवायचा आणि काय मोजायचे हे अशा ठिकाणी बसून ठरवावे, पुण्यात नव्हे. माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथल्या दरडींनंतर सह्याद्रीच्या उतारांवर काय मोजायचे हा प्रश्न टाळता येणार नाही. केरळात मुन्नारच्या उतारावर अमृता विद्यापीठाने बसवलेले जमिनीतल्या पाण्याचा दाब आणि उताराचा कल मोजणारे सेन्सर हे दाखवतात की विद्यापीठ हे काम वर्षानुवर्षे अंगावर घेऊ शकते.

म्हणून मुख्य केंद्र पुण्यात असले तरी हातपाय बाहेर हवेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे पंचगंगा, अमरावती किंवा परभणीकडे काळी माती, रत्नागिरीकडे दमट हवा आणि दरडी. प्रत्येक ठिकाणी एक छोटे अंगण, त्यात प्रमाण मानलेली यंत्रे, आणि शेजारी कोणीही आणून आपला सेन्सर वर्षभर ठेवावा अशी मोकळी जागा. मग तो कंपनीचा असो, महापालिकेचा असो की एखाद्या शेतकरी गटाचा. तिथला प्रत्येक निकाल, आणणाऱ्याला आवडो न आवडो, ठरल्या दिवशी सर्वांसाठी खुला व्हावा. पैसे देणाऱ्याला तो रोखता येणार नाही, हे कलम पहिल्या सामंजस्य करारात लिहून घ्यावे, आणि एखाद्या खात्याने त्यावर सही करायला नकार दिला तर त्या खात्याच्या निधीशिवाय सुरुवात करावी.